नेव्झातमास्तरांची बारावी टाचणी

नेव्झातमास्तर कुणालाही रस्ता विचारत नसत. ज्या माणसानं सोळा वर्षं पोरांना दिशा शिकवल्या, त्यानं भर चौकात उभं राहून "अहो, स्टेशन कुठं आलं?" म्हणायचं? छट्! त्यापेक्षा दोन मैल जास्त चाललेलं काय वाईट? न्यूकॅसलला आल्यापासून सात महिन्यांत मास्तर असे किती मैल जास्त चालले ते त्यांच्या बुटांनाच माहीत. पण एकदाही विचारलं नाही, हे ते छाती पुढे काढून सांगत.

मास्तर तुर्कस्तानातले, ताशकोप्रू गावचे. हे गाव लसणासाठी प्रसिद्ध आणि मास्तरांच्या मते भूगोलासाठीही. दुसरी गोष्ट अजून गावाबाहेर पोचली नव्हती एवढंच. वय एक्केचाळीस, मिशा भरघोस, आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून एक वर्षासाठी इथल्या एका कॉलेजात शिकायला आलेले. निघताना त्यांनी सातवीच्या वर्गात ब्रिटनचा मोठा नकाशा लावला, पुस्तकातल्या धड्यात येणाऱ्या बारा जागांभोवती पेन्सिलीनं गोल काढले आणि जाहीर केलं, "सवड मिळेल त्या शनिवार-रविवारी मी यातल्या एकेका जागी जाऊन उभा राहणार. माझा फोटो आला की तुम्ही तिथं टाचणी टोचायची. बारा टाचण्या पुऱ्या केल्याशिवाय मी नावाचा नेव्झात नाही!"

आता मार्च संपत आला होता आणि अकरा टाचण्या झाल्या होत्या. कशा झाल्या ते मास्तरांना विचारू नका. रोमन लोकांनी बांधलेल्या त्या लांबलचक भिंतीला टेकून त्यांनी ऐटीत फोटो काढला, पोरांना पाठवला, वर दोन पानं इतिहास लिहिला, तेवढ्यात मेंढ्या हाकत एक शेतकरी आला आणि अदबीनं म्हणाला, "टेका, टेका. फक्त सांभाळून. सासऱ्यांनी बांधलीय, जरा कच्ची आहे." रोमन लोकांची भिंत तिथून तीन मैलांवर होती. मास्तर निमूटपणे चालत गेले आणि अंधार पडायच्या आत दुसरा फोटो काढून आले. देशातल्या सर्वांत उंच डोंगरावरून त्यांनी पाठवलेला फोटो नुसताच पांढरा होता. पोरांनी विचारलं, "सर, डोंगर कुठाय?" मास्तरांनी कळवलं, "माझ्या पायाखाली. धुकं म्हणजे काय ते धडा चारमध्ये बघा."

पण बाराव्या टाचणीची गोष्ट वेगळी होती. ती होती सेंट ऑडाचं बेट. ओहोटीला समुद्र मागे जातो, वाळूतला रस्ता उघडा पडतो, माणसं चालत बेटावर जातात. भरती आली की रस्ता गडप. सोळा वर्षं मास्तर हे फळ्यावर निळ्या खडूनं काढून शिकवत होते, आणि सोळा वर्षांत त्यांनी स्वतः भरती पाहिली नव्हती. त्यांच्याकडचा काळा समुद्र म्हणजे भलता आळशी, वर्षानुवर्षं आहे तिथून हलत नाही. शाळेतला गणिताचा रुश्तूमास्तर यावरून त्यांना सतत टोचायचा. "काय रे नेव्झात, तो समुद्र संध्याकाळी घरी जातो आणि सकाळी कामावर येतो म्हणे? पोरांना परीकथा सांगतोस आणि परीक्षेत मार्कं देतोस!" सगळी शिक्षकखोली हसायची. मास्तर चहाचा पेला खाली ठेवून बाहेर निघून जायचे.

म्हणून बारावी टाचणी नुसत्या फोटोवर भागवायची नाही, असं मास्तरांनी ठरवलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी, तिकडच्या दुपारी तीन वाजता, गावातल्या चहाच्या दुकानात फुटबॉल बघायचा जो भलामोठा टीव्ही होता त्यावर मास्तर थेट बेटावरून वर्ग घेणार. एकतीस पोरं, त्यांचे आईबाप, लसणाचे व्यापारी, झाडून सगळे येणार. रुश्तू तर म्हणाला होता, "मी पहिल्या रांगेत बसतो. समुद्र जाताना दिसला तर उभा राहून सलाम करीन."

मास्तरांनी कॉलेजात सहज ही गोष्ट सांगितली आणि तिथंच फसले. "वर्ग घेणार? बाहेर? समुद्राजवळ?" ऑफिसातल्या बाईंनी चष्मा चढवला. "मग धोक्यांचा फॉर्म भरावा लागेल." फॉर्म सहा पानी होता. धोका कोणता, तो कितपत संभवतो, टाळण्यासाठी काय करणार, जबाबदार व्यक्ती कोण. मास्तरांनी रात्रभर विचार करून लिहिलं: 'धोका: समुद्र. शक्यता: शून्य. कारण: मी भूगोलाचा शिक्षक आहे.' बाईंनी ते दोनदा वाचलं, मास्तरांच्या मिशांकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. बेटाच्या ग्रामपंचायतीलाही त्यांनी रीतसर अर्ज धाडला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की आपल्या वर्गाला आमची हरकत नाही, समुद्राची असल्यास आम्ही जबाबदार नाही.

मग गाडीचा घोळ. त्या रविवारी रुळांची दुरुस्ती, सबब आगगाडीऐवजी बस, आणि बस बेटाच्या फाट्याला थांबणार नाही. या देशात रूळ फक्त शनिवार-रविवारीच कसे बिघडतात, यावर मास्तरांनी एक लेख लिहायला घेतला होता. शेवटी घरमालकीणबाई मिसेस हेस्लॉप मदतीला धावल्या. बाई सत्तरीच्या, विधवा, काटक. मास्तरांना त्या 'बाळा' म्हणत. ज्यांना बघून ताशकोप्रूतली टारगट पोरं सिगारेट विझवतात, त्या एक्केचाळीस वर्षांच्या मिशीवाल्या माणसाला रोज सकाळी "बाळा, स्वेटर घातलास का?" ऐकावं लागे. मास्तरांनी पहिल्या महिन्यात नापसंती दाखवली होती. दुसऱ्या महिन्यात स्वेटर घातला.

"बाळा, शेजारचा नॉर्मन नेईल आपल्याला," बाई म्हणाल्या. "मीही येते. तू एकटा गेलास तर नॉर्वेला पोचशील."

नॉर्मन फेनविक म्हणजे निवृत्त पोस्टमन. अख्ख्या जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता त्याला पाठ, आणि प्रत्येक रस्त्याविषयी त्याचं मत वाईट. शनिवारी संध्याकाळी त्यानं मास्तरांच्या टेबलावर नकाशा पसरला. "मोठ्या रस्त्यानं गेलात तर रोपवाटिकेपाशी अडकलात म्हणून समजा. आतल्या रस्त्यानं ट्रॅक्टर."

"मग जायचं कुठून?"

"माझं विचाराल तर जाऊच नये. पण नेतो."

"वेळ मात्र मी सांगेन ती," मास्तर म्हणाले. "भरतीचा तक्ता माझ्याकडे आहे. रस्ता बारा वीसला बंद होतो. पावणेअकराला काठावर, सव्वा तास चाल, बाराला बेटावर, आणि बाराच्या ठोक्याला वर्ग सुरू. वीस मिनिटं हातात शिल्लक!"

मास्तरांचं घड्याळ कायम ताशकोप्रूच्या वेळेवर असे. फोनसुद्धा त्यांनी हट्टानं तिकडच्याच वेळेला लावून ठेवला होता. आईची औषधाची वेळ, शाळेची घंटा, सगळं मनगटावर कळायला हवं. इथली वेळ हवी तर वजा तीन. सात महिने त्यांचं हे गणित एकदाही चुकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी फेरिदेचा संदेश आला. फेरिदे म्हणजे सातवीतली, दोन वेण्यांची, कोणताही प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी पोर. तिनं लिहिलं होतं, 'सर, उद्या तिकडं घड्याळं बदलतात ना? मग आपण तीनला जमायचं की दोनला?'

मास्तर त्या वेळी अंड्याची सँडविचेस किती न्यायची या वादात होते. त्यांनी अर्धंमुर्धं वाचून ठोकून दिलं, 'तीन म्हणजे तीन. ठरलेल्या गोष्टीत शंका काढू नये.'

रविवारी सगळं कसं झकास सुरू झालं! ऊन पडलं होतं. नॉर्मननं रोपवाटिकाही टाळली आणि ट्रॅक्टरही. त्याच्या गाडीतलं घड्याळ पावणेबारा दाखवत असताना गाडी काठावर पोचली. मास्तर दचकले नाहीत. ते घड्याळ एक तास पुढं चालतं, हे त्यांना अख्खा हिवाळा माहीत होतं; बटण कुठलं दाबायचं ते नॉर्मनला येत नसे. पावणेबारा वजा एक, पावणेअकरा. मनगटावर पावणेदोन, वजा तीन, पावणेअकरा. मास्तरांनी मान डोलावली. बाईंच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाचाही काही वेगळा निकाल नव्हता.

"मी गाडी खाऱ्या पाण्यात घालणार नाही," नॉर्मन म्हणाला आणि शब्दकोडं काढून सीट मागे केली.

काठावर मोठा फलक होता. भरतीच्या वेळा, आणि खाली छपरापर्यंत बुडालेल्या एका मोटारीचं चित्र. "तक्ता न वाचणारी माणसं," मास्तर तुच्छतेनं म्हणाले आणि चालू लागले. समोरून बेटावरची एक गाडी येत होती. आतल्या गृहस्थांनी वेग कमी केला, काच खाली केली आणि हवापाण्याच्या सुरात म्हणाले, "फिरायला जरा उशीर झाला नाही ना?"

"छे छे, भरपूर वेळ आहे!"

"बरं बरं. सॉरी हं." गृहस्थ काच वर करून गेले. परक्याच्या भानगडीत पडायला नको म्हणून माणसं इथं एवढंच बोलतात. दुसऱ्या एखाद्या देशात त्यांनी गाडीतून उतरून मास्तरांची कॉलर धरली असती.

अर्ध्या वाटेवर मिसेस हेस्लॉप थांबल्या. "बाळा, मघाशी आपण आलो तिथं पाणी होतं का रे?"

मास्तरांनी मागं पाहिलं. रस्त्यावर ऊन चमकत होतं. मग ते ऊन हललं. पुढं पाहिलं, तर बेटाच्या बाजूची वाळूही चमकत होती. आवाज नाही, लाट नाही, काही नाही; नुसता समुद्र, आपल्या घरी आल्यासारखा, दोन्ही बाजूंनी निवांत येत होता.

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "अजून एक तास आहे."

"तू समुद्राला समजाव, मी वर जाते," म्हणत बाईंनी स्कर्ट आवरला. रस्त्याकडेला उंच खांबांवर एक पांढरी लाकडी खोली उभी होती, शिडी लावलेली, असल्याच शहाण्यांसाठी बांधलेली. बाई वीस वर्षांच्या पोरीसारख्या शिडी चढल्या. मास्तर मागोमाग चढले तेव्हा त्यांचे बूट भिजलेले होते.

खोलीत एक बाक होता आणि भिंतीवर बचाव दलाचा नंबर. मास्तरांनी फोन लावला. पलीकडचा माणूस कंटाळलेला होता. "किती जण? दोन. वर चढलात? छान. कोरडे आहात? बूट सोडून. चहा आहे का?"

"आहे," मास्तर म्हणाले.

"मग आम्ही कशाला येऊ? पाच वाजून चाळीसला रस्ता उघडेल. सावकाश चालत जा. कारण काय लिहू? घड्याळ?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"साहेब, मार्चचा शेवटचा रविवार आहे. आज पहाटे अख्खा देश एक तास पुढं गेला. दरवर्षी एकजण मागं राहतोच."

मास्तर बाकावर बसले. वजा तीन! आज वजा दोन करायला हवं होतं. त्यांच्या देशानं घड्याळं मागंपुढं करण्याचा खेळ कधीच सोडून दिला होता. इथं तो चालू होता. हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक काय, त्यांनीच शिकवलं होतं, धडा नऊ!

"अगंबाई!" मिसेस हेस्लॉप म्हणाल्या. "हे होते तेव्हा घड्याळ तेच लावायचे. मी आपली रविवारी रात्रीच्या जेवणानंतर लावते. दिवसभरात कुणाचं काय अडतं म्हणते मी!" आणि त्यांनी थर्मास उघडला.

तिकडं काठावर नॉर्मन जागा झाला होता. पाण्याच्या कडेला येऊन त्यानं मास्तरांना फोन लावला आणि तरीही ओरडलाच, "मास्तर! माझ्या गाडीतलं घड्याळ आजपासून बरोबर झालंय बघा! उन्हाळाभर ते बरोबरच असतं!"

मास्तरांनी डोळे मिटले.

ठीक तीन वाजता, म्हणजे तिकडच्या तीनला, फोन वाजू लागला. मास्तरांच्या मनात आलं, बंद करून टाकावा. सांगावं, सिग्नल नव्हता. पण एकतीस पोरं बसली असतील, केस विंचरून. त्यांनी मिशा पुसल्या आणि फोन घेतला.

चहाचं दुकान खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत रुश्तू, हातात चहाचा पेला, चेहऱ्यावर आधीच हसू. "नमस्कार, भूगोल! बेट कुठाय? मला तर फळकुटं दिसताहेत."

मास्तरांनी फोन दाराबाहेर धरला.

चारी बाजूंना समुद्र, आणि त्या समुद्रात एक डांबरी रस्ता सरळ बुडत गेलेला. रस्त्याचा पांढरा पट्टा पाण्याखाली अजून दिसत होता. मास्तर बोलू लागले. तासाभरापूर्वी आपण इथून चालत होतो. बघा, हा खांब, त्यावरची ओली खूण बघा, आत्ता पाण्याच्या दोन बोटं वर आहे, माझं बोलणं संपेपर्यंत बुडेल. चंद्र कुठं आहे, तो हे पाणी कसा ओढतो, आपल्या समुद्रात हे का दिसत नाही. सोळा वर्षं फळ्यावर काढलेला निळा खडू डोळ्यांपुढं हलत होता, आणि मास्तर असे बोलले की मिसेस हेस्लॉप एक अक्षर न समजता सँडविच हातात धरून ऐकत राहिल्या. खूण बुडाली. ताशकोप्रूत एकतीस पोरांनी एकदम "आऽऽ" केलं. लसणाचे व्यापारी उभे राहिले होते.

रुश्तूनं पेला खाली ठेवला. "मान गये, नेव्झात. म्हणजे हे तू मुद्दाम ठरवलंस? पोरांना भरती दाखवायची म्हणून स्वतः मध्यावर जाऊन बसलास?"

"मग काय!" मास्तर म्हणाले. "बेट काय, चित्रातही दिसतं."

टाळ्या पडल्या. काय टाळ्या! रुश्तू शब्द पाळायला खरोखरच उभा राहिला. मास्तरांची छाती फुगली आणि तेवढ्यात त्यांना फेरिदे दिसली. ती पहिल्याच रांगेत होती. सगळी पोरं टाळ्या वाजवत होती. फेरिदे मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत होती. प्रश्न संपायच्या आत हात वर करणारी पोर, तिचा हात मांडीवर होता. तिला सगळं कळलं होतं. कालच कळलं होतं. आणि सरांची लाज राखायला ती गप्प बसली होती.

मास्तरांची फुगलेली छाती खाली बसली.

"रुश्तू, खाली बस," ते म्हणाले. "सलाम मला नको. मी खोटं बोललो. मी इथं अडकलोय."

दुकानात कुणीतरी खोकलं.

"घड्याळ चुकलं. इथं आज वेळ बदलली, आणि मी वजा तीनच करत बसलो. काल एका मुलीनं मला हेच विचारलं होतं. मी तिला म्हणालो, शंका काढू नये. भूगोलाचा शिक्षक असं म्हणतो! फेरिदे, उभी राहा."

फेरिदे उभी राहिली. वेण्यांपर्यंत लाल झाली होती.

"मागं दुकानाचा फळा आहे ना, चहाचे भाव लिहिलेला? पूस तो. मी माफी मागतो हो, दुकानदार. आणि सगळ्यांना समजावून सांग, तीन का चुकलं आणि दोन का बरोबर. मोठ्यानं. रुश्तूमास्तरांनाही ऐकू जाऊ दे, वजाबाकी त्यांचा विषय आहे."

पहिलं वाक्य तिला जमेना. दुसरं जमलं. तिनं पृथ्वी काढली, रेघा काढल्या, लंडन काढलं, ताशकोप्रू काढलं (लंडनपेक्षा मोठं), आणि मग जी सुटली ती थांबेना. एका व्यापाऱ्यानं मध्येच शंका काढली तर तिनं त्याला "आधी ऐकून घ्या काका" म्हणून गप्प केलं. ते थेट मास्तरांचं वाक्य होतं, मास्तरांच्याच सुरात. मास्तर बाकावर बसून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी मिशांत उतरत होतं.

"काय झालं, बाळा?" मिसेस हेस्लॉपनी विचारलं. "ओरडले का तुला?"

"नाही," मास्तर म्हणाले. "ती माझी विद्यार्थिनी आहे."

फळा भरल्यावर रुश्तू उठला. बोटानं फळ्यावरचा एकेक आकडा तपासला. "गणित बरोबर आहे," तो म्हणाला, आणि त्यानं सलाम ठोकला. फेरिदेला.

राहता राहिली टाचणी. बेटावर मास्तर पोचलेच नव्हते. पोरांत मोठी खडाजंगी झाली. शेवटी फेरिदेनंच सांगितलं की सर जिथं आहेत तिथंच टोचायची. त्यामुळं ताशकोप्रूच्या सातवीच्या नकाशावर अकरा टाचण्या जमिनीवर आहेत आणि बारावी निळ्या समुद्रात.

पाच चाळीसला रस्ता उघडला. बेट उजवीकडे, घर डावीकडे. मिसेस हेस्लॉप म्हणाल्या, "बाळा, जायचं का बेटावर?" मास्तर म्हणाले, "आधी जरा कुणाला तरी विचारू या, पुढची भरती कधी." बाई शिडीवरच थांबल्या आणि त्यांनी मास्तरांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

सोमवारी मास्तर कॉलेजच्या ऑफिसात धोक्यांच्या फॉर्मचं शेवटचं पान द्यायला गेले, सहल झाल्यावर भरायचं ते. बाईंनी चष्मा चढवून वाचलं. 'धोका उद्भवला का? होय. टाळता आला असता का? होय. कसा? माझ्या वर्गातल्या फेरिदेचं ऐकलं असतं तर.'

"ही फेरिदे कोण? कुठल्या विभागाची तज्ज्ञ?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी फोन काढला आणि चहाच्या भावांवर काढलेल्या पृथ्वीचा फोटो बाईंपुढं धरला. मागं रांग लागली होती, तरी त्यांनी रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत तो दाखवला.